यंत्राला सांगण्याची रीत

१

दिवाळी अंक आणि जाहिरात यांचे नाते जुने आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि ती पुष्कळशी जाहिरातींच्या आधाराने चालली, हे कोणताही संपादक नाकारणार नाही. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेला वाचक कथा आधी वाचतो, कविता चाळतो आणि जाहिरातीची पाने अंगठ्याने उलटून टाकतो. टीकाकारांनीही आजवर तेच केले. कादंबरीतल्या एका विशेषणावरून आपण दोन दोन महिने वाद घातले. पण ज्या गद्याने आपल्याला साबण, तेल आणि उटणे घ्यायला लावले, त्या गद्याची परीक्षा करावी असे कोणाला फारसे वाटले नाही.

आज मला जाहिरातीच्या गद्याविषयीही लिहायचे नाही. त्याच्याही मागे एक गद्य आता तयार झाले आहे. ते छापले जात नाही, गिऱ्हाइकाच्या दृष्टीला पडत नाही, आणि तरीही अनेक जाहिराती कशा बोलतील हे तेच ठरवते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि बोलते-लिहिते यंत्र घरोघरच्या फोनमध्ये शिरले. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी, आणि त्यांच्या पाठोपाठ घरगुती लोणची-पापड विकणाऱ्या बायकांनीही, जाहिरात लिहायला आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला एआय-सहायक कामाला लावले. या सहायकाला काम सुरू करण्यापूर्वी एक पत्र वाचायला द्यावे लागते. तू कोणाच्या वतीने बोलणार, काय विकणार, काय सांगणार, कोठे थांबणार, हे सारे त्या पत्रात लिहायचे. इंग्रजीतून आलेला 'प्रॉम्प्ट' हा शब्द या पत्राला आता मराठीतही रूढ होतो आहे. मी त्याला सूचनापत्र म्हणेन.

सूचनापत्र हा गद्याचा प्रकार आहे, आणि प्रकार म्हटला की त्यात चांगले-वाईट आले, शैली आली, वृत्तीही आली. म्हणून त्याची परीक्षा वाङ्मयाच्या अंगाने व्हावी असे मला वाटते. मी कादंबऱ्या लिहिते आणि शाळेत मराठी शिकवते. यंत्रशास्त्रातले मला फारसे समजत नाही. पण सांगणाऱ्याने काय सांगितले आणि ऐकणाऱ्याने काय केले, या दोहोंतले अंतर मोजण्यातच माझी हयात चालली आहे.

२

आधी त्या ऐकणाऱ्याविषयी थोडे. हे यंत्र माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर वाचून तयार झालेले असते. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज करीत ते वाक्य पुढे नेते. तुमचे पत्र त्याच्यापुढे असते तोवर त्या पत्राचा परिणाम त्या अंदाजावर होत राहतो. तुमच्या घरात काय शिजते, तुमचे गिऱ्हाईक कोण, गेल्या उन्हाळ्यात काय बिनसले, यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. जे तुम्ही सांगितले नाही, ते ते इतरांच्या लिखाणातून भरून काढते. आणि जाहिरातींच्या बाबतीत इतरांचे लिखाण म्हणजे बहुतेक बढाईच.

वर्गात 'पावसाळा या विषयावर सुंदर निबंध लिहा' असे सांगितले की चाळीस वह्यांत एकच निबंध येतो. सगळीकडे धरणीमाता हिरवा शालू नेसते आणि सगळीकडे मोर नाचतो. ज्या पोराने जन्मात मोर पाहिलेला नाही त्याच्याही वहीत नाचतो. 'तुमच्या घराचे छप्पर कोठे गळते आणि तेथे आई कोणते भांडे ठेवते ते लिहा' असे सांगितले की चाळीस निबंध येतात. मुले तीच असतात. फरक माझ्या सांगण्यात असतो. यंत्र या बाबतीत माझ्या वर्गासारखे आहे.

आता एक नमुना पाहू. माझी एक जुनी विद्यार्थिनी सिंधुदुर्ग जिल्ह्यात घरी कोकमाचे पदार्थ करून विकते. तिने आपल्या यंत्र-सहायकासाठी लिहिलेले पत्र शुद्धलेखन तपासायला म्हणून माझ्याकडे पाठवले. तिच्या परवानगीने ते येथे देते:

"तू जगातील सर्वश्रेष्ठ जाहिराततज्ज्ञ आहेस. तुला वीस वर्षांचा अनुभव आहे. आमच्या शुद्ध, नैसर्गिक, दर्जेदार कोकम आगळासाठी अत्यंत आकर्षक आणि मनाला भिडणारा मजकूर लिही. वाचताच ग्राहकाने खरेदी केली पाहिजे. आरोग्याचे फायदे सांग. कंटाळवाणे लिहू नकोस. चुका करू नकोस."

शुद्धलेखनाची एकही चूक यात नाही. पण सात वाक्यांत आगळाविषयी एक अक्षर नाही. शुद्ध, नैसर्गिक, दर्जेदार ही विशेषणे मधाला लागतील, तुपाला लागतील, खोबरेल तेलालाही लागतील. 'चुका करू नकोस' या वाक्याने जगात आजवर कोणाची चूक टळली असेल असे मला वाटत नाही. टळत असती, तर आम्हां शिक्षकांचे काम फळ्यावर तेवढेच लिहून भागले असते. पहिले वाक्य मात्र सर्वस्वी टाकाऊ नाही. 'तू अमक्याच्या वतीने, अमक्याशी बोलतो आहेस' एवढे यंत्राला सांगणे उपयोगाचे असते, कारण त्यावरून बोलण्याचा सूर ठरतो. पण 'जगातील सर्वश्रेष्ठ' या शब्दांनी कळण्यासारखे काहीच कळत नाही. ती नुसती भाटगिरी आहे, आणि भाटगिरीला उत्तर भाटगिरीतच येते.

तसेच आले. यंत्राने लिहिलेल्या जाहिरातीत सह्याद्रीची कुस होती, निसर्गाचे वरदान होते, पिढ्यान् पिढ्यांचा वारसा होता. आणि शेवटी, थंड पाण्यात ओता व या गोड-आंबट सरबताचा आस्वाद घ्या, असे आवाहन होते. कोकणातला वाचक येथे हसेल. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून काढलेला रस. तो सोलकढीला लागतो, माशाच्या कालवणाला लागतो. साखर असते ती अमृत कोकमात. यंत्राने कोकमाच्या सरबताविषयी पुष्कळ वाचलेले असणार. आगळ म्हणजे काय हे पत्रात कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून जे त्याच्या वाचनात अधिक, तेच त्याने लिहिले.

हसण्यावारी न्यावी अशी गोष्ट इथपर्यंतच होती. पुढे त्या मुलीने स्वतःच गिऱ्हाईक होऊन विचारून पाहिले: माझ्या वडिलांना रक्तदाब आहे, त्यांनी रोज आगळ घेतले तर चालेल का? यंत्राने आनंदाने होकार दिला. आगळ नैसर्गिक आहे, रक्तदाबाच्या लोकांना हितकारक आहे, रोज एक पेला घ्यावा, असेही वर सुचवले. 'आरोग्याचे फायदे सांग' ही आज्ञा त्याने तंतोतंत पाळली होती.

तिने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज उतरला होता. "बाई, हे खऱ्या गिऱ्हाइकाला गेलं असतं तर?"

मी म्हटले, "अगं, ते खोटं बोललं नाही. तू जे मागितलंस तेच त्याने दिलं. आता काय मागायचं ते ठरवू."

३

सांगावे कसे, याचा धडा घ्यायला मराठी माणसाला दूर जायला नको. १६७० नंतरच्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या परिसरात छावणी केलेल्या आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, एवढा त्याचा सारांश शाळेत सांगितला जातो. मीही अनेक वर्षे तेवढाच सांगत आले. परंतु सूचनापत्र म्हणून ते वाचायला घेतले की सारांशाहून कितीतरी अधिक हाती लागते.

त्या पत्रात नुसती मनाई नाही. आज दाणा-वैरण हाताशी आहे म्हणून वाटेल तशी खर्चाल, तर भर पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी धान्य आणील, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. मग जी गरीब रयत जीव धरून राहिली आहे तीही उठून जाईल, आणि तिला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल: अशी एकेक पायरी त्यात उलगडून दाखवली आहे. नंतर पर्याय सांगितला आहे. पैसे दिलेले आहेत, जे हवे ते बाजारातून विकत आणावे. त्यापुढे विस्तवाची गोष्ट येते. कोणी चूल भलत्या जागी मांडील, कोणी चिलीम ओढील, गवत पडलेले आहे, वारा आहे, हे ध्यानी घेणार नाही. आणि मग उंदीर येतो. रात्री दिवा तसाच राहिला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सारी पागा जळेल.

हा उंदीर मला मराठी गद्यातल्या थोर पात्रांपैकी वाटतो. लिहिणाऱ्याने छावणीतली रात्र डोळ्यांपुढे आणली होती, याचा तो पुरावा आहे. 'आगीची काळजी घ्या' असे लिहून कोणीही मोकळा झाला असता. पण काळजी म्हणजे नेमके काय, हे ऐकणाऱ्याला तेवढ्याने कळत नाही. दिवा, वात आणि उंदीर यांनी कळते. शिवाय एकदा कारण कळले, की पत्रात न लिहिलेल्या प्रसंगीही कसे वागावे ते सुचते. वातीऐवजी धुमसते लाकूड पडलेले दिसले, तरी हवालदार ते विझवील.

कोल्हापूरच्या गादीसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रातही हीच रीत आढळते. आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असे त्यात सांगितले आहे. पण ते सांगून ग्रंथकार थांबत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही, असे तो समजावतो. आणि एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते घ्यावे, अशी वाटही दाखवतो. मनाई, तिचे कारण आणि अडचणीतली वाट या तीन गोष्टी एकत्र आल्या, की आज्ञेला शहाणपण येते.

यंत्राला पत्र लिहिणाऱ्यांनी या दोन लेखांचे परिशीलन करावे, असे मी गंभीरपणे म्हणते. घोड्यांचा हवालदार आणि शब्दांचे यंत्र यांत अर्थातच जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हवालदाराला भूक होती, भीती होती, पुढे काय होईल याची चिंता होती. तरीही दोघांची एक अडचण सारखीच आहे. लिहिणारा समोर नाही, प्रसंग पुढे कोणता येईल ते ठाऊक नाही, आणि हाती आहे तो एकच कागद.

४

त्या मुलीने नवे पत्र लिहिले. चार वेळा लिहिले. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"तू आमच्या घरगुती व्यवसायाच्या वतीने गिऱ्हाइकांशी बोलणार आहेस. आम्ही तीन वस्तू विकतो. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. तो सोलकढीला, आमटीला आणि कालवणाला लागतो, त्यात साखर नाही. अमृत कोकम, म्हणजे साखरेतले सरबत. ते पाणी घालून प्यायचे. आमसुले, म्हणजे वाळवलेली साले. शहरातली बरीच गिऱ्हाइके आगळ हे सरबत समजून मागवतात आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडे करतात. म्हणून कोणी आगळ मागितले, की कशासाठी हवे ते आधी विचार.

विचारणारी बहुधा घर चालवणारी बाई असते. बाटली किती दिवस टिकते, एका बाटलीत किती जणांची सोलकढी होते, हे तिला हवे असते. ते आकडे खाली दिले आहेत. खाली नसलेला आकडा देऊ नकोस. विचारून कळवतो असे सांग आणि प्रश्न माझ्याकडे पाठव.

आमच्या मालाने अमुक रोग बरा होतो, वजन उतरते, रक्तदाब ताब्यात राहतो असे लिहू नकोस. गिऱ्हाइकाने स्वतः म्हटले तरी मान डोलावू नकोस. आम्ही वैद्य नाही. आगळात मीठ पुष्कळ असते, आणि ज्याला मीठ कमी खायला सांगितले आहे तो माणूस आपल्या शब्दावर विसंबून ते रोज घेईल. अशा वेळी मीठ आहे हे स्पष्ट सांग आणि डॉक्टरांना विचारायला सांग. एक बाटली कमी खपली तरी चालेल."

मी टीकाकाराच्या खुर्चीवर बसून हे वाचते आहे, तेव्हा आधी गुण सांगते. येथे विशेषण जवळजवळ नाही. नाम आणि क्रियापद यांवरच काम भागले आहे. वस्तू तीन, आणि प्रत्येकीची ओळख तिच्या उपयोगावरून करून दिलेली. वाकड्या तोंडाचे गिऱ्हाईक हा या पत्रातला उंदीर आहे. तो अनुभवावाचून कागदावर येत नाही. जे ठाऊक नाही त्याचे काय करायचे, हेही सांगितले आहे. हे फार महत्त्वाचे आहे, कारण ज्या यंत्राला 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची वाट दाखवलेली नसते, ते सहसा काहीतरी रचून देते. परीक्षेत प्रश्न कोरा सोडायचा नाही, अशी शिकवण घेतलेला मुलगाही तेच करतो.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. 'एक बाटली कमी खपली तरी चालेल.' जाहिरातीच्या सूचनापत्रात असे वाक्य मला अन्यत्र आढळलेले नाही. खप आणि सत्य यांचे जेव्हा पटणार नाही, तेव्हा वरचढ कोण, हे त्यात ठरवून टाकले आहे. साऱ्या पत्राला कणा येतो तो या सहा शब्दांमुळे. पहिल्या पत्रातही एक असेच वाक्य होते: 'वाचताच ग्राहकाने खरेदी केली पाहिजे.' त्यानेही एक निवाडा केलेला होता. लिहिणारीला तो जाणवला नव्हता इतकेच.

आता दोष. तिने एके ठिकाणी 'उत्तर चाळीस शब्दांच्या आत' असा नियम घातला होता, आणि त्याचे कारण दिले नव्हते. यंत्राने चाळीस शब्द पाळले आणि त्या भरात मिठाची सूचना गाळली. दोन आज्ञांपैकी मोठी कोणती हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आकडा मोजता येतो, म्हणून आकडा जिंकला. पुढच्या खर्ड्यात तिने लिहिले, की लोक फोनवर घाईत वाचतात म्हणून उत्तर थोडक्यात असावे, पण मिठाची गोष्ट लांबीसाठी सोडू नये. तेवढ्याने काम झाले.

दुसरा दोष नमुन्यांचा. नमुने दाखवले की यंत्र त्यांच्या वळणावर जाते, हे २०२० साली ओपनएआयच्या संशोधकांनी आपल्या जीपीटी-३ या यंत्राच्या बाबतीत विस्ताराने मांडले. तिनेही तीन जाहिराती नमुन्यादाखल दिल्या. तिन्हींची सुरुवात आजीच्या हातापासून होती. मग काय विचारता! आमसुलांना आजी, सरबताला आजी, दरपत्रकालाही आजी. नमुना जितका चांगला, तितका त्याचा सोस अधिक. नमुने द्यावेत, पण एकमेकांहून वेगळे द्यावेत. आणि त्यांतले काय घ्यायचे, काय सोडायचे, तेही सांगावे.

तिसरा दोष मला अधिक बोचला. मजकुराला गावचा वास यावा म्हणून तिने 'थोडी मालवणी घाल' असे लिहिले होते. यंत्राने घातली. ती नाटकातल्या विनोदी नोकराची मालवणी होती. दर वाक्याला हेल, आणि जिवंत शब्द एकही नाही. मालवणी छापलेली थोडी, त्यामुळे यंत्राच्या वाचनात आलेलीही थोडी, आणि जी आली ती बहुधा थट्टेच्या अंगाने. बोली ही काही वरून भुरभुरायची कोथिंबीर नव्हे. मी तिला सांगितले, तुझ्या तोंडची चार वाक्ये तूच लिही आणि ती जशीच्या तशी वापर म्हणून सांग. तिने लिहिली. साऱ्या जाहिरातीत जीव आहे तो त्या चार वाक्यांत.

एक गोष्ट तिने माझ्या सांगण्यावाचून केली, तिचे कौतुक केले पाहिजे. तिने वीस प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका काढली. त्यांत सरळ प्रश्न होते, फसवे होते, रागावलेल्या गिऱ्हाइकाचे होते, आणि 'माझ्या मैत्रिणीचं पाच किलो वजन उतरलं, तसं लिहा ना' असा लाडीगोडीचाही होता. पत्रातला एक शब्द बदलला, तरी ती वीसच्या वीस प्रश्न पुन्हा विचारी. एक दोष काढताना दुसरा शिरतो, हे लेखकांना ठाऊक असते. तिला ते अनुभवाने कळले.

५

काही जण म्हणतील, की दोनशे बाटल्यांच्या व्यवहारासाठी एवढा विचार कशाला? यंत्राने लिहिले ते यंत्राचे, आपल्यावर त्याचा बोल का यावा? या प्रश्नाचे उत्तर न्यायासनाने दिलेले आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या बोलत्या यंत्राने, घरात मृत्यू झाल्यामुळे प्रवास करावा लागलेल्या एका उतारूला, भाड्यातल्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. सवलतीसाठी नंतर अर्ज केला तरी चालेल, असे ते म्हणाले. कंपनीचा नियम तसा नव्हता. हे यंत्र स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियाच्या दिवाणी न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि कंपनीला सुमारे आठशे कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम मोठी नाही. तत्त्व मोठे आहे. तुमच्या दारात बसून जो बोलतो तो तुमचा.

आपल्याकडचा कायदाही याच अंगाने जातो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२२ साली त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वेही निघाली. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतल्या दाव्यांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, याने त्या दाव्याचा खरेखोटेपणा बदलत नाही.

मला मात्र कायद्याहून अधिक त्या रक्तदाबाच्या वडिलांची चिंता वाटते. ते कल्पित होते; पण तसे वडील घरोघर आहेत, आणि यंत्राची भाषा इतकी नम्र, इतकी शुद्ध असते, की त्यांचा तिच्यावर चटकन विश्वास बसेल. जुन्या बाजारातला बढाईखोर विक्रेता तोंडावरून ओळखू येई. हा ओळखू येत नाही. त्याच्या सौजन्यामागे कोणाचे पत्र आहे, ते कोणत्या हेतूने लिहिले आहे, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून ते पत्र लिहिणाऱ्याचे चारित्र्य येथे साऱ्या व्यवहाराला पुरवावे लागते.

याच्या उलट टोकाचेही एक मत आहे. यंत्र आले, आता लिहिणाऱ्याची गरज संपली, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. डेव्हिड ओगिल्वी या जाहिरातकाराने १९५८ साली रोल्स-रॉइस गाडीची जी जाहिरात केली, ती आजही नाणावली जाते. भरधाव गाडीत मोठ्यात मोठा आवाज घड्याळाचा येतो, एवढ्या एका तपशिलावर ती उभी होती. तो तपशील त्याला कल्पनाशक्तीने दिला नाही. तीन आठवडे गाडीविषयीचे कागद वाचीत बसल्यावर तो सापडला. आजचे यंत्र वाक्य चटकन जुळवील. पण घड्याळाची ती टिकटिक कोणीतरी आधी ऐकून त्याच्या पत्रात घातली पाहिजे. वाकड्या तोंडाचे गिऱ्हाईक, मीठ आणि सोलकढीचा हिशेब यंत्राला आपणहून सुचले नव्हते. लिहिणाऱ्याचे काम सरलेले नाही. ते एक पायरी मागे, मुळाशी गेले आहे.

तेव्हा या नव्या गद्याविषयी माझा निवाडा असा. चांगल्या सूचनापत्रात लेखकाला आपली वस्तू ठाऊक असल्याची खूण दिसते. वाचणाऱ्याविषयी त्यात आस्था असते. मनाईबरोबर कारण येते आणि कारणाबरोबर वाट येते. कोणत्या वेळी नफा सोडायचा, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. आणि ते पत्र यंत्राऐवजी दुकानावर नव्याने आलेल्या मुलीच्या हाती दिले, तर तिला दुपारपर्यंत गल्ल्यावर बसता यावे इतके ते सुबोध असते. बढाईखोर पत्र हाती पडले तर ती मुलगी एवढेच विचारील, "पण बाई, विकायचं काय?" तिचा हा प्रश्न यंत्र विचारीलच असे नाही, ते लिहायला लागेल. म्हणून तो आपणच आपल्याला, लेखणी हातात घेण्यापूर्वी, विचारलेला बरा.